अडीच क्विंटल कापूस आणि एक लॅपटॉप

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार आहे. तुमचा पेपर आमच्या गावात सकाळच्या गाडीनं येते आणि टपरीवर आठ-दहा जण मिळून वाचतो. दसऱ्यापासून पाहून राहिलो, एक दिवसाआड लॅपटॉपची जाहिरात असते, कधी अर्धं पान कधी पूर्ण पान. मोठ्या अक्षरात किंमत, महिन्याचा हप्ता, बॅग फुकट, माउस फुकट. पण डब्ब्याच्या आत काय आहे ते एक तर लिहिलेलंच नसते, नाहीतर खाली इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावून बी वाचता येत नाही. त्याच्यावरच हे पत्र आहे. थोडं लांब होईल, कापा लागलं तर माझी गोष्ट कापा पण मधातले आकडे कापू नका, ते आकडे समजाले आमच्या घरचे दोन वर्ष गेले.

२०२२ च्या सुरुवातीले कापसाले कधी नव्हे तो भाव भेटला होता, क्विंटलले दहा हजाराच्या वर गेला होता. मोठी पोरगी तवा बारावीले होती, तिले समोर बी.एस्सी. कॉम्प्युटर कराचं होतं. मी म्हटलं या साली झालं तर झालं, पुढच्या साली बोंडअळी येते का भाव पडते कोणाले माहीत. दोन क्विंटलचे पैसे वेगळे काढून ठेवले आणि जूनमध्ये जिल्ह्याच्या गावाले जाऊन नवा कोरा लॅपटॉप आणला, २१,५०० रुपये पडले. लहानसा, हलका, एका हातात धरता येईल असा. दुकानदारानं विचारलं कशाले पाहिजे, मी सांगितलं पोरीच्या कॉलेजले, फॉर्म भराले, मराठी टायपिंगले. तो म्हणे "मंग हा बस झाला काका, याच्यापेक्षा जास्तीची गरजच नाही." मी समोर काही विचारलं नाही, कारण काय विचाराचं तेच मले माहीत नव्हतं. घरी आणला तवा पोरीच्या आईनं देवाजवळ ठेवून हळदकुंकू लावलं.

तो पहिल्या दिवसापासूनच हळू होता. आम्हाले वाटलं नवा आहे, सवय होईल. बटन दाबून ढोराले पाणी पाजून आलं तरी पडद्यावर गोल गोल फिरतच राहे. मंग जागेचा त्रास सुरू झाला. डब्ब्यावर ६४ जीबी लिहिलं होतं, आत दिसे ५९ च्या आसपास (कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, म्हणून तेवढा फरक असतेच, त्यात फसवणूक नाही), त्यातली अर्ध्याच्या जवळपास विंडोजनंच धरलेली. उरलेल्यात कॉलेजच्या पीडीएफ, प्रॅक्टिकल, फोटो. अपडेट आला की जागा नाही म्हणे, पोरगी बिचारी आपलेच नोट्स पेन ड्राइव्हमध्ये टाकून मिटवत बसे. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, आदल्या रात्री लॅपटॉप जो अपडेटमध्ये अडकला तो सकाळपर्यंत निघालाच नाही. शेजारच्याची मोटरसायकल मागून तिले घाटंजीले सेतूवर घेऊन गेलो, नंबर लावून चार वाजता फॉर्म भरला. त्या दिवशी पोरगी रडली नाही पण जेवली बी नाही.

२०२४ च्या जानेवारीत तो बंद पडला तो पडलाच. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. सर्व्हिस सेंटर यवतमाळले, तीन चकरा झाल्या, पोरीचं एसटीचं तिकीट अर्धं माझं पूर्ण, आणि तिसऱ्या चकरेले सांगितलं की मेन बोर्ड बदला लागते, १४,००० लागतील. मी म्हटलं बिघडलं काय ते तर सांगा. तर म्हणे स्टोरेज गेलं, पण ते बोर्डालेच चिपकवलेलं असते, वेगळं निघत नाही. मी दुकानाचं बी नाव लिहीत नाही आणि कंपनीचं बी नाही. एका दुकानाची गोष्ट असती तर मी तथीच जाऊन भांडलो असतो, पण असा माल सगळीकडेच असाच विकला जाऊन राहिला.

आमच्या गावचा एक पोरगा घाटंजीले मोबाईल रिपेअर करते, त्याच्या टेबलावर नेऊन टाकला. त्यानं मागचे स्क्रू काढले आणि मले जवळ बोलावलं. आत तळहाताएवढा बोर्ड आणि बाकी सगळी बॅटरी. रॅम (काम चालू असताना लागते ती तात्पुरती मेमरी) बोर्डावर झाळलेली, स्टोरेज झाळलेलं, पंखा नाहीच. तो म्हणे "काका, हे मोबाईलचं पोट आहे, वरून लॅपटॉपची कातडी घातली." त्या दिवशी त्यानं मले जे अर्धा तास समजावून सांगितलं ते मी २१,५०० खर्च कराच्या आधी कोणीतरी सांगाले पाहिजे होतं. ते आता इथं लिहितो.

त्या स्टोरेजले ईएमएमसी म्हणतात. मोबाईलमध्ये, टॅबमध्ये असते तसंच, बोर्डाचाच भाग. एसएसडी म्हणजे वेगळी पट्टी असते, स्क्रू काढला की निघते, खराब झाली तर तालुक्याच्या गावाले बी दहा मिनिटात बदलता येते, कमी पडली तर मोठी टाकता येते. वेगात बी फरक आहे पण माझ्या लेखी निघते का नाही निघत हाच मोठा फरक आहे. रॅमचं तसंच. ४ जीबी झाळलेली असली तर जलमभर ४ जीबीच. विंडोज ११ ची कंपनीनं सांगितलेली कमीत कमी गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे, आणि स्वस्त लॅपटॉपवाले नेमकं तेवढंच देतात. कमीत कमी म्हणजे सुरू होईल इतकंच. त्याच्यावर ब्राउझरमध्ये चार पानं उघडली, एक पीडीएफ उघडली, की झालं. आजच्या तारखेले ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली जाऊ नका, मंग फुकट भेटला तरी. आणि यंदा तर रॅमचे भाव चढलेले आहेत, त्याच्यामुळं दुकानदार "४ ची घेऊन जा, समोर वाढवून घेजा" असं म्हणून राहिले. वाढवता येते का ते पहिले त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.

प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, प्रकरण सगळ्यात वंगाळ आहे कारण तथी नावानंच माणूस गुंगते. वर इंटेलचा स्टिकर असला की आपल्याले वाटते इंटेल म्हणजे इंटेल. पण त्याच्यात बंडी बी आहे आणि ट्रॅक्टर बी आहे. एन४०२० नावाचं एक लहान प्रोसेसर आहे, २०१९ च्या शेवटी आलेलं, त्याले दोनच कोर (कोर म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात समजा). स्वस्त लॅपटॉपमध्ये कितीतरी वर्ष हेच घालून विकलं गेलं. २०२३ मध्ये त्याच जातीचं एन१०० आलं, त्याले चार कोर आहेत आणि ते घरच्या कामाले पुरते. दोन्ही विजेले सारखेच कमी, सहा वॅटचे. म्हणजे नुसतं "इंटेल" ऐकून घेणारा माणूस त्याच पैशात यातलं कोणतंबी घरी घेऊन येऊ शकते. पहिले निदान सेलेरॉन, पेंटियम असं नाव तरी राहे, २०२३ पासून लॅपटॉपवर ते नाव बी काढून टाकलं आणि नुसतं इंटेल प्रोसेसर लिहितात. त्याच्यामुळं मागचा नंबर पाहणं जास्तच जरुरी झालं.

आणि आय-५ म्हटलं की डोळे दिपू देऊ नका. आय-५ हे नाव २००९ पासून चालून राहिलं. जुना लॅपटॉप घेताना दुकानदार म्हणते "आय-५ आहे भाऊ", तर त्याले विचारा कोणत्या पिढीचा. नंबरमध्येच लिहिलेलं असते. आय-५ च्या समोर ८२५० असलं तर पहिला आकडा आठ, आठवी पिढी, २०१७ चा. २५२० असलं तर दुसरी पिढी, २०११ चा, तो आता सोयाबीनच्या कुटारात गेला तरी चालते. दहाव्या पिढीपासून समोरचे दोन आकडे पाहा लागते. ही पिढी पाहणं आताच काहून जरुरी झालं ते सांगतो. विंडोज १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ले बंद झाले आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली कंपनी चालू देत नाही. त्याच्यामुळं मोठमोठ्या ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगानं विकाले काढले, ते आता नऊ-दहा हजारात भेटून राहिले. त्याच्यात कोणी जबरदस्तीनं विंडोज ११ टाकून देते, ते आज चालते, समोर अपडेट येईल का नाही त्याचा भरोसा नाही. तेच मशीन विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाकून घेतलं तर चांगलं आहे. लिनक्स मिंट फुकट आहे, आपल्या सरकारच्या सी-डॅकनं बनवलेलं बॉस नावाचं लिनक्स बी आहे, मराठी दोन्हीत चालते. फक्त टॅली किंवा सेतूवरचं अंगठ्याचं मशीन असं काही चालवाचं असलं तर आधी विचारून घ्या, त्याले बहुतेक विंडोजच लागते.

आता आमचा दुसरा लॅपटॉप. २०२५ च्या जूनमध्ये नागपूरले बर्डीवर जाऊन जुना घेतला. ऑफिसवाल्यांसाठी बनवलेले लॅपटॉप वेगळे असतात हे मले त्याच रिपेअरवाल्या पोरानं सांगितलं होतं. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांची नावं. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही २०१८ चे, चौदा इंची, आठव्या पिढीचे, तिन्हीत रॅमचे दोन-दोन खण, एसएसडी निघते, बॅटरी निघते. नवे होते तवा यांच्या किमती लाखाच्या घरात होत्या, कंपन्यांनी चार-पाच वर्ष वापरून काढले. थिंकपॅडच्या त्या कीबोर्डवर पाणी सांडलं तर खालून वाहून जावं म्हणून छिद्रं ठेवलेली आहेत, घरात लहान पोट्टे असले की याची किंमत समजते. आमच्या पोरीले लहान पाहिजे होता, रोज एसटीनं अपडाउन कराचं, खांद्यावर ओझं नको. तिनं साडेबारा इंची लॅटिट्यूड निवडला, आठवी पिढी, ८ जीबी, २५६ ची एसएसडी, १७,५०० रुपये. त्या साली माझा कापूस सात हजाराच्या आसपास गेला होता म्हणजे अडीच क्विंटल. चार कोर. बटन दाबलं की ढोराकडे जाले वेळच भेटत नाही.

पण जुना घेताना पाहून घ्या लागते, आम्ही त्या दुकानात दोन तास बसलो होतो आणि दुकानदार कंटाळला तरी उठलो नाही. बॅटरीचं असं असते, पॉवरसीएफजी नावाची एक कमांड आहे, ती बॅटरीरिपोर्ट म्हणून (powercfg /batteryreport) दिली की एक पान तयार होते, त्याच्यात दोन आकडे असतात, नवी होती तवा किती आणि आता पूर्ण भरली की किती. आमच्यात पहिला आकडा ४२,००० मिलीवॅट-तास (म्हणजे ४२ वॅट-तास) होता आणि दुसरा ३०,००० च्या वर. म्हणजे सत्तर टक्के राहिली. लिहिण्या-वाचण्याच्या कामाले लॅपटॉप सात वॅटच्या आसपास खाते, तर चार-सव्वाचार तास चालते, आणि खरंच तेवढाच चालून राहिला. निम्म्याच्या खाली असली तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दुसरं, कंपनीचं लॉक. काही लॅपटॉप अजून जुन्या कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात, घरी आणून विंडोज नव्यानं टाकलं की कोणत्या तरी कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागतात आणि मंग काही करता येत नाही. म्हणून दुकानातच विंडोज नव्यानं टाकाले लावा, तुमच्या समोर. बायोसले (विंडोजच्या आधी सुरू होते ती मशीनची सेटिंग) पासवर्ड नाही ना ते बी पाहा. बिल घ्या, बिलावर सिरीयल नंबर पाहिजे, दुकानाची तीन महिन्याची तरी गॅरंटी लिहून पाहिजे. बिल नाही देत म्हटलं की उठून जा. कोणाच्या घरचा चोरून आणला काय माहीत. (बिल असलं आणि दुकानदार ऐकत नसला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण बिल नसलं तर तिथी सांगणार काय.)

इतकं सगळं शहरातला माणूस बी सांगेल. पण आपल्याकडचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते कोणत्याच जाहिरातीत नसते. आमच्या घरी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत समोरच्या खोलीत कापूस भरलेला असते, भाव वाढाची वाट पाहत. त्याची रुई हवेत उडते आणि पंखेवाला लॅपटॉप ती आत ओढते. त्या रिपेअरवाल्या पोरानं सहा महिन्यांनी खोलला तर पंख्याच्या तोंडावर गादीसारखा थर बसलेला होता, हवा जाले जागाच नव्हती, म्हणून तो गरम होऊन राहिला होता. आता दर चार महिन्याले मऊ ब्रशनं साफ करतो, पंखा बोटानं धरून, फिरू द्याचा नाही. बिनपंख्याच्या लहान लॅपटॉपले हा त्रास नाही हे खरं आहे, पण त्यांचं उन्हाळ्यात हाल होते. बहुतेक कंपन्या लिहितात की ३५ डिग्रीपर्यंत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ असते आणि टिनाच्या घरात त्याच्यापेक्षा जास्त. उन्हाळ्यात अकरा ते पाच आम्ही लॅपटॉप बंदच ठेवतो, पोरगी पहाटे अभ्यास करते. गोधडीवर, पलंगावर ठेवून चालवाचा नाही, खालची हवा बंद होते. आणि कूलरच्या सरळ हवेत तर अजिबात नाही, कूलर पाण्याचे बारीक थेंब फेकते, ते आपल्या अंगाले गार लागतात पण कीबोर्डमध्ये जाऊन बसतात. बॅटरी शंभर टक्के भरून गरमीत ठेवली की लवकर फुगते, म्हणून ८० टक्क्यावर थांबवाची सोय असते ती चालू करून ठेवा, या ऑफिसवाल्या मशीनमध्ये ती असतेच.

लाइनचं तर काय सांगू. कमी व्होल्टेजले घाबराचं कारण नाही, चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असते, पंप चालू झाल्यावर दिवा मिणमिणते तवा बी लॅपटॉप चार्ज होते. भीती न्यूट्रल तुटाची आहे. न्यूट्रल गेला की घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळपास येऊ शकते, मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दोन टीव्ही आणि एक फ्रीज त्याच्यातच गेले. आमचा चार्जर जळला, लॅपटॉप वाचला. आणि इथं टाइप-सी चार्जिंगचा फायदा समजला, कोणत्याबी कंपनीचा ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर लावता येते, नागपूरहून त्याच कंपनीचा मागवा लागत नाही. दुसरा फायदा असा की गाडीत लावाचा टाइप-सी चार्जर भेटते, पीडीवाला (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, लॅपटॉप भरेल इतकी वीज देणारा), तो १२ व्होल्टवर चालते. माझ्या फवारणीच्या पंपाची बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअरची आहे, म्हणजे ९६ वॅट-तास. ती अर्ध्याच्या खाली उतरवाची नाही असं धरलं तरी लाइन दोन दिवस नसली तर लॅपटॉप एक वेळ भरून निघते. पोरीच्या सेमिस्टरच्या वेळेस डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळली होती तवा आम्ही असंच केलं. पण हे त्या चार्जरमधूनच करा, नुसते वायर जोडून गोल पिनेत घालू नका, मशीन बी जाईल आणि हात बी भाजेल. आणि वीज कडाडून राहिली असली की पिन काढून ठेवा, एवढं तर लहान लेकराले बी माहीत पाहिजे.

टपरीवर लोक म्हणतात मोबाईल आहे ना, लॅपटॉप काहून पाहिजे. सातबारा मोबाईलवर निघते, डिजिटल सहीचा १५ रुपयात, ई-पीक पाहणी तर मोबाईलवरच होते, मान्य. पण पोट्ट्यांचं काम वेगळं आहे. सरकारी टायपिंगची परीक्षा मराठी ३० आणि ४० शब्दांची असते, ते बोटं मोबाईलवर कसे बसतील. इथं क्लासवर एका पोराले दिवसाचा एक तास भेटते, घरी मशीन असलं तर रात्री बी सराव होते. मराठी टायपिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्या लागत नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये बी असते आणि लिनक्समध्ये बी, आणि २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये इंग्रजी अक्षरावरून मराठी येते तसाही एक कीबोर्ड दिलेला आहे. हे पत्र मी त्याच्यावरच लिहिलं, चार संध्याकाळ लागल्या. फक्त कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं की ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतंच दिसते, सुरुवातच युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं) करा.

क्रोमबुकचं, म्हणजे विंडोजच्या जागी गूगलची सिस्टीम असलेल्या लॅपटॉपचं, बी काही लोक विचारतात. वाईट नाही. ४ जीबीत विंडोजपेक्षा मोकळं चालते, आणि २०२१ पासूनच्या मॉडेलले दहा वर्ष अपडेट देऊ असं गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं. शाळेतल्या पोराले, ज्याच्या घरी नेट चांगलं आहे, त्याले चालते. आमच्या गावात दुपारून टॉवरच जाते आणि पोरीले कॉलेजचे विंडोजवालेच प्रोग्राम लागतात, म्हणून आम्ही घेतला नाही. ज्याले मोबाईलचंच नेट वापराचं आहे त्यानं विंडोजमध्ये त्या कनेक्शनले मीटर्ड (नेट मोजून वापराचं) करून ठेवावं, नाहीतर दिवसाचे दीड जीबी सकाळी सकाळी अपडेटच खाऊन टाकते.

एक गोष्ट मले राहून राहून आठवते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत लेकराले हिरवे-पांढरे लहान लॅपटॉप दिले होते, जगभरातल्या गरीब लेकरासाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप कराचा असा तो बाहेरच्या देशातल्या लोकांचा प्रयत्न होता. शंभर डॉलरमध्ये तो कधी बसला नाही आणि योजना बी समोर वाढली नाही. २०११ मध्ये सरकारचा स्वस्त आकाश टॅबलेट आला, तो बी गेला. पण त्या हिरव्या लॅपटॉपचा पडदा उन्हात वाचता येई, कीबोर्ड रबराचा होता धूळ जाऊ नये म्हणून, वीज अगदी थोडी लागे. म्हणजे बनवणाऱ्यानं गाव डोळ्यासमोर ठेवलं होतं, जिथं धूळ आहे, ऊन आहे, लाइन नाही. आज वीस हजाराच्या आत जे नवे लॅपटॉप आमच्यापर्यंत येतात त्यांच्यात गावाचा विचार कुठंच दिसत नाही, फक्त गावाची ऐपत पाहिलेली दिसते. याचं मले मनापासून दुःख होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलले ८,११० होता, तो बी सगळ्याले भेटत नाही. वीस हजार म्हणजे एका घरचे अडीच क्विंटल, त्याच्यात बायामाणसांची वेचणी, खत, फवारणी सगळं आलं. ते दीड वर्षात कचऱ्यात जाऊ नये.

म्हणून तुम्हाले विनंती आहे साहेब. जाहिरात छापू नका असं मी म्हणत नाही, पेपर त्याच्यावरच चालते. पण जाहिरात घेताना दुकानदाराले एवढं सांगता येते की किमतीच्या बाजूले त्याच अक्षरात पाच गोष्टी लिहा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती आणि वाढते का, स्टोरेज एसएसडी का ईएमएमसी, बॅटरी किती वॅट-तासाची, आणि बिघडला तर दुरुस्ती कोणत्या गावाले. एका ओळीत बसते. आणि मे-जूनमध्ये ॲडमिशनच्या आधी एकदा तरी तुमच्या ग्रामीण पुरवणीत हे सगळं साध्या मराठीत छापा, माझ्यापेक्षा जाणकार माणसाकडून लिहून घ्या, कॉलेजमधले सर आहेत, रिपेअरवाले पोट्टे आहेत त्यांना विचारा, त्यांना जास्त माहीत असते. तो अंक आम्ही टपरीच्या पाटीले चिपकवून ठेवू. यंदा आमच्या गावातून अकरा पोरंपोरी बारावीले बसून राहिल्या आणि त्यातल्या पाच घरांनी मले आत्ताच विचारून ठेवलं की काका, कोणता घ्यावा.

आपला नम्र,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव छापू नये)

ता. क. पत्र पोरीनं वाचलं, ती म्हणते बाबा एक राहिलं. जुना लॅपटॉप घेताना दुकानातच मराठी इनस्क्रिप्ट चालू करून एक-एक बटन दाबून पाहाचं, वरच्या आकड्यांची रांग शिफ्टसोबत बी, कारण शिफ्ट आणि ५ वर ज्ञ आहे, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. इंग्रजीवाले ती रांग शिफ्टसोबत कमी वापरतात म्हणून डाव्या-उजव्या शिफ्टमधलं एखादं मेलेलं असलं तरी दुकानदाराले बी माहीत नसते. तिच्यात उजवी शिफ्ट दबत नव्हती, तिनं तिथंच दाखवली आणि कीबोर्ड बदलून घेतला.